तो घरी आला, मग पुढे?

दारू वाईट असते हे तुम्हाला आम्ही सांगायची गरज नाही. आमच्यापेक्षा तुम्हाला ते जास्त ठाऊक आहे. त्यामुळे आज त्यावर वेळ घालवत नाही. आजचा विषय त्याच्या पुढचा आहे. घरातला माणूस व्यसनमुक्ती केंद्रात महिना-सव्वा महिना राहतो आणि परत येतो. दाढी केलेली, अंगावर थोडं मांस चढलेलं, नजर खाली. त्या दिवशी घरात पुरणपोळी होते, शेजारीपाजारी डोकावून जातात, सासू मीठ-मिरच्या ओवाळून टाकते. आपल्या अहिराणीत बाया एकमेकींना सांगतात, ‘तो घर उना.’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ओटा, तेच मित्र, तीच उधारी आणि तोच रस्ता, ज्याच्या कोपऱ्यावर दुकान आहे.

त्या दुसऱ्या दिवसापासून पुढच्या वर्ष-दोन वर्षांचं काय करायचं, हे माणसांनी कसकसं शिकत आणलं, त्याचा हा इतिहास आहे. हा इतिहास फारसा कुणी सांगत नाही. दारूबंदीचा सांगतात. म्हणून आधी तोच थोडक्यात पाहू.

१८७८ साली इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यासाठी अबकारी कायदा केला. दारू गाळणं आणि विकणं सरकारी परवान्याखाली आलं आणि दारू हे सरकारी तिजोरीचं उत्पन्न झालं. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरात वाढलेल्या दारूच्या दुकानांबद्दल लेखी तक्रार केली. १९३० च्या सत्याग्रहात गांधीजींनी दारूच्या दुकानांपुढे धरणं धरण्याचं काम मुद्दाम बायकांकडे सोपवलं. मग स्वातंत्र्य आलं आणि १९४९ चा दारूबंदी कायदा आला. पुढे परवाने आले, सवलती आल्या, आणि कायदा कागदावर राहून दुकानं चालू झाली.

आपल्या खानदेशात तर या लढ्याचं एक मोठं पान आहे. १९७२-७३ च्या सुमारास शहाद्याला, जो तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या चळवळीतून आदिवासी शेतमजूर उभे राहिले. मुद्दा जमिनीचा आणि मजुरीचा होता. पण बायका एकत्र बसल्या तेव्हा त्यांनी मजुरीच्या बरोबरीने नवऱ्याच्या पिण्याचा आणि मारहाणीचा विषय काढला. मग त्या गावोगाव गेल्या, गुत्ते शोधले आणि दारूची मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्याला चारचौघांत जाब विचारला. आज आपण गावात ‘आडवी बाटली’साठी सह्या गोळा करतो, मतदान घेतो, त्या धाडसाचं मूळ इथं आपल्या शेजारी आहे.

त्या बायांबद्दल आम्हाला फार आदर आहे. पण हा सगळा इतिहास वाचताना एक गोष्ट खटकते. यात दुकान आहे, मडकं आहे, मोर्चा आहे, कायदा आहे. पिणारा माणूस मात्र कुठेतरी कडेला उभा आहे. मडकं फुटलं त्या रात्री त्याचे हात का थरथरले, तो अंथरुणात का तळमळला, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दिवसातच हातपाय कापतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं आणि किडे दिसतात, आणि वेळेवर औषध नसेल तर जीवही जातो. आपल्याकडे याला ‘बाहेरचं लागलं’ म्हणून किती जणांना भगताकडे नेलं असेल, देव जाणे. म्हणून रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू सोडवायचा प्रयत्न कधीही करू नका. ते दिवस डॉक्टरच्या नजरेखालीच जायला हवेत.

पण ते दिवस संपतात. आठ-दहा दिवसांत शरीर शांत होतं. खरं अवघड काम त्यानंतर सुरू होतं.

हे आपल्या जुन्या माणसांना कळत नव्हतं असं नाही. खानदेशात कित्येक घरांत एखादा आजोबा, एखादा काका असा असतो की ज्याच्याबद्दल म्हणतात, ‘त्याने माळ घातली आणि सुटली.’ तुळशीची माळ गळ्यात आली की दारू-मटण बंद. नुसत्या माळेच्या मण्यांत औषध नसतं, हे माळ घातलेले लोकही जाणतात. माळेबरोबर एकादशी येते, म्हणजे दर पंधरा दिवसांनी एक दिवस ठरलेला. भजन येतं, म्हणजे संध्याकाळी बसायला एक जागा आणि चार माणसं. आपल्या अमळनेरात बोरी नदीच्या वाळवंटात वैशाखात संत सखाराम महाराजांचा रथ आणि पालखी निघते, पुढे आषाढीची पायी वारी असते. वर्षभराचं एक वेळापत्रकच माणसाला मिळतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गळ्यातली माळ दुसऱ्यांना दिसते. मित्र आग्रह करायला बिचकतो. आज ज्याला केंद्रानंतरचा पाठपुरावा म्हणतात, त्यातलं बरंचसं या जुन्या रीतीत आहे.

१९३० च्या दशकात सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुलाम महाराजांनी भिल्ल समाजात दारू सोडण्याची मोठी लाट उठवली. एकमेकांना ‘आप’ म्हणून मान द्यायचा, स्वच्छ राहायचं, दारू सोडायची, आणि आरतीला एकत्र जमायचं. १९३८ साली ते वारले. त्यानंतर त्यांचे भाऊ रामदास महाराजांनी काम पुढे नेलं, आणि त्यांचा पंथ आजही आहे. आमच्या मते या चळवळीत शपथेइतकीच, किंबहुना जास्त, त्या आरतीच्या जमण्याची ताकद होती. शपथ घ्यायला एक दिवस पुरतो. पुढचे दिवस काढायला सोबत लागते.

आता जरा लांब, अमेरिकेत जाऊ या. वर्ष १९३५. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक दलाल माणूस धंद्याच्या कामाला अॅक्रन नावाच्या गावी गेला. दारूने त्याचं सगळं धुऊन नेलं होतं. पाच महिने झाले, तो प्यायला नव्हता. तिथं त्याचं काम फसलं. परक्या गावात हॉटेलच्या आवारात एकटाच उभा, एका बाजूला बारमधून हसण्याचे आवाज. त्याच्या लक्षात आलं की आपण आता पिणार. त्याने काय केलं? फोन उचलला आणि चर्चमधल्या लोकांकडे चौकशी केली, की या गावात माझ्यासारखा कुणी दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून एका बाईंच्या मध्यस्थीने त्याची गाठ डॉक्टर बॉब स्मिथ नावाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरशी पडली. हा डॉक्टरही पक्का पिणारा. दोघे तासन् तास बोलत बसले. १० जून १९३५ हा डॉक्टर बॉबच्या शेवटच्या पेल्याचा दिवस. तोच दिवस अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ए.ए. या संघटनेचा जन्मदिवस मानतात. ना फी, ना इमारत, ना डॉक्टरची खुर्ची. पिणारी माणसं गोल बसतात, आपापली गोष्ट सांगतात, आणि फक्त आजच्या दिवसापुरतं न पिण्याचं ठरवतात. आज मुंबई-पुण्यापासून अनेक गावांत मराठीतून अशा सभा भरतात.

या गोष्टीतला आम्हाला सगळ्यात आवडणारा भाग बिलच्या बायकोचा आहे. लोइस तिचं नाव. सतरा-अठरा वर्षं तिने त्याला सांभाळलं, नोकरी करून घर चालवलं, त्याच्या मागे गल्लोगल्ली फिरली. आणि तो सुधारला तो कुणाच्या तरी दुसऱ्याच्या सोबतीने. एके दिवशी तो म्हणाला, चल लवकर, सभेला उशीर होतोय. लोइसने हातातला जोडा त्याच्या दिशेने भिरकावला. नंतर तिलाच नवल वाटलं, की नवरा पीत नाही, मग मला राग कसला येतोय? हळूहळू तिच्या ध्यानात आलं की इतकी वर्षं तिचं सगळं आयुष्य त्याच्या बाटलीभोवती फिरत होतं. बाटली गेली, आणि तिला स्वतःचं असं काही उरलंच नव्हतं. नवरे आत सभेत बसलेले आणि बायका बाहेर थांबलेल्या, तिथं त्या बायकांचं आपसात बोलणं सुरू झालं. १९५१ साली त्यातून अल-अॅनॉन ही घरच्यांसाठीची वेगळी संघटना उभी राहिली. मैत्रिणींनो, तो जोडा आपल्यापैकी किती जणींच्या हातात आहे, विचार करा.

त्याच काळात औषधाची एक गोष्ट घडली. रबराच्या कारखान्यातल्या कामगारांना एका रसायनामुळे दारू सोसेनाशी होते, हे १९३७ साली एका कारखान्याच्या डॉक्टरने लिहून ठेवलं होतं. पुढे डेन्मार्कमधल्या संशोधकांनी तशाच रसायनावर काम करून १९४८ साली डायसल्फिराम हे औषध पुढे आणलं. ही गोळी घेतलेली असताना दारू प्यायली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. ज्याला स्वतःला सोडायची आहे आणि जो सगळं समजून घेतो, त्याला डॉक्टर ती देतात. पण आपल्याकडे ही गोळी चहात, भाजीत कालवून नवऱ्याच्या नकळत द्यायचा प्रकार चालतो. ‘कळू न देता दारू सोडवा’ अशी पत्रकं भिंतीवर चिकटवलेली आम्ही पाहिली आहेत. हे अजिबात करू नका. त्याला माहीत नसताना तो प्यायला तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. आणि तो वाचला तरी पुन्हा तुमच्या हातचं खाताना दहा वेळा विचार करील. त्यानंतर ओढ कमी करणारी इतर औषधंही आली आहेत, पण ती कुणाला कोणती द्यायची हे डॉक्टरच ठरवील.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. १९८० च्या पुढच्या वर्षांत मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पसरली. पुण्याचे लेखक-पत्रकार अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाल्या, आणि या मुलांसाठी काही करा म्हणून त्यांनी पैसे दिले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच रुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झालं.

मुक्तांगणचं नाव आपल्याकडे बऱ्याच जणींना माहीत आहे. तिथं साधारण पस्तीस दिवसांचा उपचार असतो, हेही माहीत असतं. पण आम्हाला त्या पस्तीस दिवसांपेक्षा त्यांनी बाकीच्या दिवसांचा जो विचार केला तो महत्त्वाचा वाटतो. एक म्हणजे तिथं काम करणाऱ्यांत बरे झालेले रुग्णच मोठ्या संख्येने आहेत. जो कालपर्यंत त्या खाटेवर होता तो आज नव्या माणसाला चहा देतो, त्याची समजूत घालतो. दुसरं, डॉ. अनिताताईंनी बायकांकडे पाहिलं. ‘सहचरी’ नावाचा गट त्यांनी सुरू केला, तो रुग्णांच्या पत्नींसाठी. तिथं बायका एकत्र बसून बोलतात. नवऱ्याने पुन्हा घेतली तर तो तुझा दोष नाही, हे एक बाई दुसऱ्या बाईला सांगते, तेव्हा ते जसं पोचतं तसं डॉक्टरने सांगितलेलं पोचत नाही. तिसरं, उपचार संपला म्हणजे नातं संपलं असं त्यांनी मानलं नाही. पाठपुराव्याला परत यायचं, बोलायचं, घसरला तर लाजून लपून न राहता पुन्हा यायचं. कर्करोगाने १९९७ साली अनिताताई गेल्या. आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर हे काम सांभाळतात.

पाठपुराव्याचा एवढा आग्रह का, याची उत्तरं संशोधनातूनही मिळत गेली. १९७१ साली अमेरिकेत हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेरॉइन, तंबाखू आणि दारू सोडलेल्या लोकांची माहिती एकत्र मांडली. तिन्ही व्यसनं वेगळी, पण आलेख जवळजवळ एकसारखा निघाला. जे घसरले त्यातले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच घसरले होते. म्हणजे केंद्राच्या दारातून बाहेर पडल्यावरचे नव्वद दिवस हे सगळ्यात कच्चे. आणि आपण नेमकं त्याच दिवसांत म्हणतो, आता झाला बरा, आता त्याला शेतावर एकट्याला पाठवू, बाजारात पैसे देऊन पाठवू.

२००० साली टॉम मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी एक साधी तुलना केली. व्यसनाकडे शुगर, बीपी, दम्यासारखं का पाहत नाही, असा त्यांचा प्रश्न होता. शुगरचा पेशंट आठ दिवस दवाखान्यात राहून आला, साखर खाली आली, म्हणून कुणी गोळी बंद करतं का? आणि पुन्हा साखर वाढली तर ‘हा सुधारणारच नाही’ म्हणून त्याला घराबाहेर काढतं का? गोळी बदलतात, पथ्य पुन्हा सांगतात. व्यसनाच्या बाबतीत मात्र एकदा घसरला की सगळे पैसे पाण्यात गेले, अशी आपली समजूत. त्यांच्या मांडणीनुसार उपचारानंतर वर्षभरात शंभरातले चाळीस ते साठ लोक पुन्हा व्यसनाकडे वळतात. हा आकडा ऐकून घाबरू नका. शुगर-बीपीचे पेशंटही साधारण तेवढ्याच प्रमाणात पथ्य-औषध सोडतात, असं त्यांनी दाखवलं.

आपल्या देशाचं चित्र २०१९ साली केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या मोठ्या पाहणीत दिसलं. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस जणांमागे एकालाच कसलाही उपचार मिळतो. भरती होऊन उपचार मिळतो तो एकशे ऐंशी जणांमागे एकाला. एवढी केंद्रं आणि एवढ्या खाटा आणायच्या कुठून? म्हणजे बहुतेक घरांसाठी उपाय एकच उरतो, की माणूस घरी राहून, कामाला जाऊन, आठ-पंधरा दिवसांनी कुणाला तरी भेटत राहील. डॉक्टरांच्या भाषेत ओपीडी. आणि जो केंद्रात जाऊन आला त्यालाही शेवटी हीच ओपीडी लागते.

हे खेड्यात जमतं का? जमतं. चेन्नईच्या शांती रंगनाथन यांचे पती दारूने गेले. त्यानंतर १९८० साली त्यांनी तिथं व्यसनमुक्तीचं रुग्णालय सुरू केलं, आणि १९८९ पासून तमिळनाडूतल्या मंजक्कुडी या खेड्यात गावातच शिबिरं भरवली. माणूस आपल्याच भागात बरा होतो, गावातलेच लोक स्वयंपाकपाण्याला हातभार लावतात, आणि त्याच्यावर लक्षही गावाचंच राहतं. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीला १९९३ पासून दारूबंदी आहे. पण नुसत्या बंदीने काम संपत नाही हे ओळखून डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने शासन आणि टाटा ट्रस्टच्या साथीने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ चालवलं. गावोगाव संघटना आणि सोबत तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचाराचं क्लिनिक. मडकं फोडणं आणि माणसाला औषध देणं, या दोन गोष्टी तिथं एका जागी आल्या.

शेजारच्या गोव्यात ‘संगाथ’ संस्थेच्या लोकांनी आणखी वेगळं केलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. ती डॉक्टर नव्हती, मानसोपचाराची पदवी नव्हती. जास्त पिणाऱ्या पुरुषांशी त्यांनी एक ते चार भेटींत बोलायचं. २०१७ साली निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी पाहिलं तर अशा बोलण्याचा लाभ मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोकांचं पिणं आटोक्यात आलं होतं, नेहमीची सेवा मिळालेल्यांत २६ टक्के. ही माणसं पूर्ण आहारी गेलेली नव्हती, हे लक्षात ठेवायचं. पण नीट शिकलेली, ऐकून घेणारी साधी बाई किंवा बुवा किती करू शकतो, ते यातून कळतं.

आता आपलं अमळनेर. आम्ही गटांच्या सहयोगिनी गावोगाव बैठकांना जातो तेव्हा पाहतो की नवऱ्याला, मुलाला केंद्रात पाठवायला बाया गटातून कर्ज काढतात, डोरलं गहाण ठेवतात, भावाकडे हात पसरतात. घरी आल्यावरच्या खर्चासाठी, म्हणजे धुळ्याला किंवा जळगावला मानसोपचार विभागात दाखवायला जायचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी, यासाठी मात्र कुणी मागत नाही. दोन-चारशे रुपयांचा प्रश्न असतो. त्यावर आधी भरलेले हजारो टिकणार की नाही हे ठरतं.

आमच्या एका गटातल्या ताईचा नवरा चैत्रात परत आला. ती रोज संध्याकाळी त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. एके दिवशी तो चिडून म्हणाला, ‘वास घेतेसच ना, मग पिऊनच येतो.’ आणि समोर आखाजी होती. खानदेशातली आखाजी म्हणजे बायकांचा माहेरचा सण, झोके, गाणी. पुरुषांसाठी मात्र पत्ते आणि पत्त्यांबरोबर बाटली. त्या वर्षी ती माहेरी गेली नाही. गटातल्या तिघी जणींनी मिळून ठरवलं की वास घेणं बंद करायचं आणि त्याऐवजी त्याला दुपारभर कामात अडकवायचं. त्याच्याच गल्लीत एक गृहस्थ होते, बारा वर्षांपासून न पिणारे, त्यांना भेटायला नेलं. पुढे शनिवारी संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर दोन-तीन पुरुष बसू लागले. फार काही करत नाहीत. आठवडा कसा गेला ते सांगतात, चहा पितात आणि घरी जातात. आमच्यापैकी कुणी तिथं जात नाही, ते आम्ही मुद्दामच ठरवलंय. त्यातला एक जण पोळ्याला घसरला, पुन्हा दिवाळीत घसरला. तो अजूनही शनिवारी येतो, आणि बाकीचे त्याला येऊ देतात.

आखाजी, पोळा, लग्नाची हळद, वरात, कापूस विकून हातात आलेला पैसा. आपल्या गावात कच्चे दिवस कोणते ते आपल्याला डॉक्टरपेक्षा जास्त माहीत आहेत. ते आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवता येतात. कापसाचे पैसे त्या तीन महिन्यांत त्याच्याच संमतीने बँकेच्या खात्यात जाऊ द्यावेत. त्याच्याच संमतीने, हे आम्ही दोनदा सांगतो, कारण घरातला मान काढून घेतलेला माणूस तो मान शोधायला गुत्त्यावर जातो. आणि त्याने हात उचलला तर ते व्यसन आहे म्हणून सोसायचं नाही. आजार असला तरी मारहाण हा गुन्हाच, त्याची वाट वेगळी आहे आणि गट तिथंही तुमच्याबरोबर आहे.

आणखी एक गोष्ट बहुतेक घरांना ठाऊक नसते. मानसिक आरोग्यसेवेचा २०१७ चा कायदा दारू आणि नशेच्या आजारालाही लागू आहे, आणि त्याच्या ९८ व्या कलमात सुट्टी देतानाच्या नियोजनाची तरतूद आहे. रुग्णाला घरी सोडताना पुढचे उपचार काय, कुठे आणि कसे, हे रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून ठरवायचं असतं. तेव्हा केंद्रातून माणूस आणायला जाल तेव्हा त्याची पिशवी उचलून लगेच निघू नका. बसा आणि विचारा. कोणती गोळी, किती दिवस, कशाबरोबर चालत नाही? पुढची तारीख कोणती? अमळनेरहून जवळ कुणाला दाखवायचं? पुन्हा प्यायला तर पहिल्या दिवशी काय करायचं? कागदावर लिहून मागा. काही ठिकाणी ‘त्याला सांभाळा हो’ एवढंच सांगून पाठवतात, तेवढ्यावर उठू नका. सरकारची व्यसनमुक्तीची मोफत मदतवाहिनी आहे, नंबर १४४४६. मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेली-मानस आहे, नंबर १४४१६. तिथं मराठीतून बोलता येतं. हे दोन्ही नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि हे नंबर बायकांसाठीही आहेत, रात्री झोप लागत नसेल तर स्वतःसाठी फोन लावा.

पुढच्या भागात आपण आपल्याच पदराला बांधलेल्या मिश्रीच्या डबीबद्दल बोलणार आहोत. तीही तंबाखूच आहे. त्या दिवशी घरातल्या पुरुषांनाही ऐकायला बसवा, त्यांना मजा येईल.